सिगारेटचे वाचलेले पैसे: ठेवायचे कुठे आणि उडवायचे कशावर

पहिल्यांदा सिगारेट सोडली तेव्हा चार महिने टिकलो. चौथ्या महिन्याच्या शेवटी, एका रविवारी, कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि किती पैसे वाचले याचा हिशेब मांडला. आकडा घसघशीत निघाला. मग खात्यातली शिल्लक पाहिली. चार महिन्यांपूर्वी होती त्यापेक्षा थोडी कमीच होती. पैसे गेले कुठे, तर कुठेच नाही आणि सगळीकडे. थोडे बाहेरच्या खाण्यात, थोडे रात्री अंथरुणात पडल्यापडल्या फोनवरून केलेल्या खरेदीत, बाकीचे कशात ते देवाला ठाऊक. सिगारेटने रिकामी केलेली जागा इतर खर्चांनी पाय पसरून बळकावली होती. त्याच आठवड्यात एका मित्राने पाकीट पुढे केलं आणि मी एक उचलली. तेव्हा डोक्यात आलेलं वाक्य अजून आठवतं: एवढं सोडून हाताला लागलं काय?

दुसऱ्या खेपेला पहिल्या दिवसापासून पैसे वेगळे काढले. सिगारेट सुटली ती केवळ त्यामुळे, असं म्हणणार नाही. डॉक्टर होते, निकोटिनचं च्युइंगम होतं, बायकोचा धाक होता. पण यावेळी 'हाताला लागलं काय' या प्रश्नाचं उत्तर कपाटावर बरणीत दिसत होतं. न ओढलेल्या सिगारेटचे पैसे आपोआप वाचत नाहीत. ते फक्त खर्च व्हायचे राहिलेले असतात, आणि राहतात तेही संध्याकाळपर्यंतच. त्यांना मुद्दाम धरून ठेवावं लागतं. कसं, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: खरा आकडा

"दिवसाला किती?" असं विचारलं की प्रत्येक ओढणारा एक गोल आकडा सांगतो. पाच, दहा, वीस. मीही दहाच सांगायचो. सोडायच्या आधीच्या आठवड्यात एक प्रयोग केला: ओढलेल्या प्रत्येक सिगारेटचं थोटूक एका जुन्या डब्यात टाकायचं, बाहेर ओढली तर फोनमध्ये एक रेघ मारायची. सातव्या दिवशी डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि मोजलं. रेघा धरून ८९. म्हणजे रोजच्या जवळपास तेरा. दहा आणि तेरा यांतला फरक बोलताना किरकोळ वाटतो, पण वर्षाला तो हजाराच्या वर सिगारेटींचा होतो. त्या हजार सिगारेटी मी ओढत होतो, विकत घेत होतो आणि स्वतःपासूनही लपवत होतो. (डब्याचा वास इतका भयंकर होता की तेवढ्यानेही एखाद्याची सुटावी. माझी नाही सुटली.)

तुम्हीही सात दिवस मोजा. पूर्ण पाकीट घेत असाल तर रिकामी पाकिटं फेकू नका. सुट्या घेत असाल तर दर वेळी दिलेले पैसे तिथल्या तिथे लिहा, कारण सुटी सिगारेट बहुतेक वेळा पाकिटातल्या सिगारेटपेक्षा महाग पडते आणि किती झाल्या हे तर मुळीच लक्षात राहत नाही. त्यात लायटर, काडेपेटी, तोंडाचा वास मारायच्या गोळ्या, मित्रांना वाटलेल्या सिगारेटी आणि सिगारेट घ्यायला गेल्यावर 'आलोच आहे तर' म्हणून उचललेलं सगळं धरा. बेरजेला सातने भागलं की तुमचा रोजचा आकडा मिळतो.

इथे एक चूक बरेच जण करतात. उत्साहाच्या भरात खोकल्याची औषधं, कपड्यांची जास्तीची धुलाई, पुढे कधीतरी होऊ शकणारा दवाखान्याचा खर्च, असं सगळं त्या आकड्यात कोंबतात. कागदावर रक्कम डोळे दिपवणारी होते, पण रोज खिशातून तेवढे पैसे जात नव्हतेच, मग बाजूला काढणार कुठून? दुसऱ्याच आठवड्यात ओढाताण सुरू होते आणि सगळा बेतच खोटा वाटू लागतो. आकडा थोडा खालीच धरा, पण धराल तो रोज जमणारा हवा.

हा आकडा वर्षातून एकदा तपासायचा. तंबाखूवरचे कर वाढत राहतात आणि सरकारं ते जाणूनबुजून वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार किंमत १० टक्के वाढली की श्रीमंत देशांत खप सुमारे ४ टक्के आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ५ टक्के घटतो. तुम्ही सोडलेली असली तरी भाव वाढला की बरणीत टाकायची रक्कमही वाढवा. दुसऱ्याला जास्त मोजावे लागताहेत आणि आपल्याकडे तेवढेच जास्त साठताहेत, यातला दुष्ट आनंद घ्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी: रोज, त्याच वेळी, खिशाबाहेर

पैसे महिन्याच्या शेवटी बाजूला काढू म्हटलं की ते निघत नाहीत. निदान पहिला महिना तरी रोजच्या रोज काढा, आणि शक्यतो त्याच वेळी, ज्या वेळी तुम्ही पाकीट घ्यायचात. माझी वेळ सकाळी कामावर जायच्या आधीची होती. बूट घालायचे, दारातून बाहेर पडायचं आणि पहिल्या वळणावर पाकीट घ्यायचं, हा वर्षानुवर्षांचा क्रम. मी बरणी बुटांच्या कपाटावरच ठेवली. बूट घातले की नोटा आत. काचेचीच हवी, हा माझा हट्ट होता, कारण पत्र्याच्या डब्यात पैसा दिसत नाही. काचेत तळाला आधी नाण्यांचा थर दिसतो, मग मुडपलेल्या नोटा वर चढत जातात, आणि तिसऱ्या आठवड्यात झाकण लावताना नोटा दाबाव्या लागतात. त्या दाबण्यात जे समाधान आहे ते फोनवरच्या आकड्यात नाही.

रोख वापरतच नसाल तर वेगळं बचत खातं उघडा. दोन पथ्यं पाळा: त्या खात्याचं कार्ड पाकिटात बाळगायचं नाही, आणि ज्या अ‍ॅपवरून तुम्ही रोजची खरेदी करता त्याला ते खातं जोडायचं नाही. रोज ठरावीक रक्कम आपोआप वळती करायची सोय असेल तर ती लावून टाका. तरीही पहिले तीस दिवस हाताने वळती करावी असं माझं मत आहे. बँकेने केलेलं काम आपल्याला जाणवत नाही, आणि या महिन्यात जाणवण्याचीच गरज असते.

पैसे तर सगळे सारखेच, मग वेगळ्या बरणीने काय होतं, असं हिशेबी माणूस विचारेल. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने यावर बराच विचार केला आहे. माणूस मनातल्या मनात पैशांचे कप्पे करतो, घरखर्चाचा वेगळा, मौजेचा वेगळा, आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात सहजासहजी ओतत नाही, असं त्याने दाखवलं. या आणि अशा कामासाठी त्याला २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आजीच्या कपाटातल्या वेगवेगळ्या पुरचुंड्यांना हे नोबेलशिवायच कळलं होतं, ती गोष्ट वेगळी.

कप्प्याला नाव द्या. 'बचत' हे नाव नको, ते मेलेलं असतं. ज्यासाठी पैसे जमवताय त्याचंच नाव कागदावर लिहून बरणीला चिकटवा.

तिसरी पायरी: पहिले पैसे सोडण्यावरच घालवा

हे वाचून थोडा हिरमोड होईल, पण पहिल्या दीड-दोन महिन्यांचे पैसे बऱ्याच अंशी सोडण्याच्या कामातच जाऊ द्यावेत. निकोटिनचे पॅच, च्युइंगम, गोळ्या यांना पैसे पडतात, आणि अनेक जण 'सिगारेट सोडून पुन्हा यावर खर्च कशाला' म्हणून नुसत्या निर्धारावर निभावून न्यायला जातात. निर्धार चांगलाच, पण निकोटिनची ही पर्यायी औषधं २००९ मध्ये आणि बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली गेली, ती उगाच नाही. कुठलं घ्यायचं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. शेवटची दोन तर त्यांच्या सल्ल्याशिवाय नकोच. काही ठिकाणी ही औषधं आणि समुपदेशन सरकारी यंत्रणेकडून मोफत किंवा स्वस्तात मिळतात, ती चौकशी आधी करा.

दुसरा खर्च दातांचा. मला विचाराल तर सगळ्यांनी पहिल्या महिन्याच्या शेवटी दात साफ करून घ्यावेत. माझ्या दंतवैद्याने खालच्या दातांमागून खरवडून काढलेला तपकिरी-काळा ढलपा चिमट्यात धरून मला दाखवला, काही न बोलता. घरी येताना जीभ सारखी दातांमागे जात होती, तिथे एकदम गुळगुळीत लागत होतं. स्वच्छ केलेल्या गोष्टीवर पुन्हा डाग पाडायला माणूस जरा कचरतो.

तिसरी तरतूद गळतीची. सोडल्यावर तोंडाला चाळा लागतो, भूक वाढते, वजन वाढतं. पहिल्या वर्षात ४ ते ५ किलो ही सरासरी आहे. काहींचं अजिबात वाढत नाही, काहींचं बरंच जास्त वाढतं. त्या चाळ्यावर होणारा खर्च बरणीतून करायचा नाही, पण तो होणार हे गृहीत धरून घरखर्चात त्याला जागा ठेवा. चहा-कॉफीचं प्रमाण मात्र कमी करा. धुरातल्या घटकांमुळे शरीर कॅफीनचा निचरा झपाट्याने करत असतं. सिगारेट सुटली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांनी अंगात जास्त कॅफीन साठतं. मग धडधड, चिडचिड, झोप नाही, आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला.

चौथी पायरी: लांबचं स्वप्न आणि जवळची बक्षिसं

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं मला इथे सांगायचं आहे. सिगारेट सोडणाऱ्याला पैशांचं काय करणार विचारलं की तो बहुधा वर्षाअखेरीची गोष्ट सांगतो. मोठा प्रवास, गाडी, घराचं काम. स्वप्न उत्तम आहे, पण तिसऱ्या दिवशी दुपारी ते कामाला येत नाही. निकोटिन शरीरातून झपाट्याने कमी होतं, दर दोनएक तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि सगळ्यात वाईट तडाखा पहिल्या दोन-तीन दिवसांत बसतो. पुढे दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरत जातो. म्हणजे सगळ्यात जास्त आधार जेव्हा लागतो तेव्हा बरणी जवळजवळ रिकामी असते आणि स्वप्न ३६२ दिवस लांब असतं.

त्यात ओढणाऱ्याचं मन लांबच्या पैशाला फारशी किंमत देत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिगारेट ओढणारे, कधीच न ओढलेले आणि सोडलेले अशा तिघांना आत्ताची छोटी रक्कम आणि नंतरची मोठी रक्कम यांतून निवड करायला सांगितली होती. ओढणाऱ्यांच्या लेखी नंतरच्या पैशाची किंमत इतरांपेक्षा झपाट्याने घसरत होती. सोडलेले मात्र कधीच न ओढलेल्यांसारखे वागत होते. सोडल्यामुळे मन तसं झालं की मुळात तसं मन असलेल्यांनाच सोडता आलं, हे त्यावरून कळत नाही. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की सुरुवातीला बक्षिसं जवळ-जवळ लावायची आणि हळूहळू लांबवत न्यायची.

माझी शिडी अशी होती. पहिली पायरी २४ तासांची. तोवर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर आलेला असतो, खरं तर बारा तासांतच येतो. त्या दिवशी बक्षीस म्हणून फक्त उशीचे नवे अभ्रे आणले, कारण जुन्यांना धुराचा वास होता आणि तो मला येत नसला तरी बायकोला येत होता. दुसरी पायरी तिसऱ्या दिवशी. त्या रात्री घरात कोणी स्वयंपाक करायचा नाही असं ठरवलं होतं. सातव्या दिवशी एक पुस्तक. एक महिन्याला दात. तीन महिन्यांना चालण्याचे चांगले बूट. तोवर रक्ताभिसरण सुधारलेलं असतं, जिना चढताना फरक कळू लागलेला असतो, आणि बूट वापरावेसेही वाटतात. पुढचा टप्पा सहा महिने, मग वर्ष. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो. त्या दिवसाचं बक्षीस मोठं असायला हवं, बरणीतला अर्धाअधिक पैसा त्याच्यासाठी राखा.

माझी शिडी उचलून तुमच्या भिंतीला लावू नका. नियम दोनच: पहिल्या आठवड्यात निदान तीन बक्षिसं हवीत, आणि कुठलंही बक्षीस 'नाहीतरी घ्यायचंच होतं' या जातीचं नको. गॅसचं बिल भरणं हे बक्षीस नव्हे.

पाचवी पायरी: कशावर खर्च करावा, कशावर नको

लोक काय काय ठरवतात याची मजा वाटते. कोणी वाद्य घेतं, कोणी सायकल, कोणी पोहण्याच्या तलावाची वर्गणी भरतं. कोणी मुलीच्या शिक्षणाचं खातं उघडतं. एकाने वास परत यायला लागल्यावर अत्तराची बाटली घेतली; तोवर सगळी अत्तरं त्याला सारखीच लागत होती. एका मैत्रिणीने काहीच घेतलं नाही. तिने आठवड्यातला अर्धा दिवस घरकामाला मदतनीस ठेवली, आणि तो मोकळा अर्धा दिवस हीच तिची खरेदी.

मला स्वतःला तीन तऱ्हेच्या गोष्टी कामाच्या वाटतात. हात गुंतवणाऱ्या: वाद्य, विणकाम, लाकूडकाम, बागकामाची अवजारं. तलफ काही मिनिटांत येते आणि जाते, तेवढा वेळ हाताला उद्योग हवा. दुसऱ्या, श्वास लागणाऱ्या: पोहणं, डोंगर चढणं, गाणं शिकणं. सिगारेट ओढून त्या नीट करता येत नाहीत, त्यामुळे त्यांवर घातलेला पैसा स्वतःच पहारा देतो. तिसऱ्या, वेळ विकत घेणाऱ्या. एका सिगारेटला पाच मिनिटं धरली तरी दिवसाला तेरा म्हणजे तासाच्या वर वेळ होतो. पैशांबरोबर तोही सुटा झालेला असतो आणि पैशांइतकाच चटकन गडप होतो.

टाळायचं काय? हप्त्यावरची वस्तू. 'सिगारेटचे पैसे वाचणारच आहेत, त्यातून हप्ता जाईल' हा बेत फार हुशारीचा वाटतो. पण तो अजून न साठलेल्या पैशांवर उभा असतो. घसरलात तर सिगारेटचाही खर्च आणि वर हप्ताही. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत जे बरणीत आहे तेवढंच खर्चा.

हप्त्याने माणूस बांधला जातो आणि म्हणून सोडायला बळ मिळतं, असाही युक्तिवाद ऐकतो. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. फिलिपाइन्समध्ये संशोधकांनी एक योजना राबवली होती, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सिगारेट ओढणाऱ्यांनी आपलेच पैसे सहा महिने खात्यात टाकायचे; सहाव्या महिन्याच्या लघवी तपासणीत निकोटिनचा माग लागला नाही तर पैसे परत, लागला तर ते धर्मादाय कामाला. ज्यांना ही योजना देऊ केली त्यांच्यात सोडणारे इतरांपेक्षा ३ टक्के बिंदूंनी जास्त निघाले. पण योजनेत शिरायला तयार झाले ते दर शंभरातले अकराच. अमेरिकेत एका कंपनीचे कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक-मित्र यांच्यावर झालेल्या, २०१५ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीतही तेच दिसलं: नुसतं बक्षीस मिळणार म्हटल्यावर ९० टक्के लोक तयार झाले, आधी स्वतःचे पैसे अनामत ठेवा म्हटल्यावर १३.७ टक्के. सहा महिन्यांनंतर बक्षीस देऊ केलेल्यांपैकी १५.७ टक्के सुटलेले होते, अनामतीचा पर्याय दिलेल्यांपैकी १०.२ टक्के आणि नेहमीचीच मदत मिळालेल्यांपैकी ६ टक्के. तुमचा स्वभाव पैज लावायचा असेल तर विश्वासू माणसाकडे पैसे ठेवून पाहा. बाकीच्यांना बक्षीसच बरं.

सहावी पायरी: घरच्यांशी आधीच बोला

बरणी भरायला लागली की तिच्यावर हक्क सांगणारे उगवतात. माझ्या घरी सहाव्या आठवड्यात वाद झाला. मला पैसे माझ्या कष्टाचे वाटत होते. बायकोचं म्हणणं असं की इतकी वर्षं हे पैसे घरातलेच धुरात जात होते, तेव्हा आता परत आले तर घरात यावेत. आणि तिने इतकी वर्षं न ओढता तो धूर पोटात घेतला, त्याचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी वाटणी ठरली: निम्मे बरणीवाल्याचे, म्हणजे माझे, आणि निम्मे घराचे. घराच्या निम्म्याचं काय करायचं ते मी विचारायचं नाही. हे बोलणं पहिल्या दिवशीच करून घ्या. बक्षीस जमत आलं असताना कोणीतरी त्यातून पंख्याची दुरुस्ती केली, तर तलफ येते ती सिगारेटची नव्हे, भांडणाची, आणि भांडणानंतर पुन्हा सिगारेटची.

एकट्याने राहत असाल तर हा प्रश्न नाही, पण मग पैसे मोजायला साक्षीदारही नाही. महिन्यातून एकदा बरणीचा फोटो एखाद्या मित्राला पाठवा.

कर्ज आणि विमा

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर शिडीची छोटी बक्षिसं सोडून बाकी सगळे पैसे आधी तिकडे वळवा. त्या व्याजापुढे कुठलीही ठेव टिकत नाही.

वर्ष झालं की विम्याची फाइल काढा. आयुर्विम्यात सिगारेट ओढणाऱ्यांना हप्ता जास्त लागतो, आणि अनेक कंपन्या सलग बारा महिने निकोटिनमुक्त राहिलेल्याला न ओढणाऱ्यांच्या दरात घ्यायला तयार असतात. काही कंपन्या त्यासाठी कोटिनीनची तपासणी करतात. शरीरात निकोटिनपासून तयार होणारं हे द्रव्य आहे, आणि ते च्युइंगम किंवा पॅचमधल्या निकोटिनमुळेही तपासणीत दिसतं. म्हणून च्युइंगम चालू असताना अर्ज करायची घाई नको. अर्जात खोटं तर अजिबात लिहू नका. पुढे दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

लांब पल्ल्याच्या गुंतवणुकीचा हिशेब पाकिटांतच मांडतो, म्हणजे कुठल्याही भावाला लागू पडेल. रोजच्या एका पाकिटाचे पैसे, म्हणजे महिन्याला तीस पाकिटांचे, वार्षिक ६ टक्के व्याजाने दर महिन्याला टाकत गेलात तर दहा वर्षांत टाकलेले असतात ३,६०० पाकिटांचे आणि जमलेले असतात ४,९०० हून अधिक पाकिटांचे. वीस वर्षांत ७,२०० पाकिटांचे टाकून १३,८०० हून अधिक पाकिटांचे होतात. हा आकडा पहिल्या महिन्यात पाहून उपयोग नाही, तेव्हा वीस वर्षं हा शब्दच हास्यास्पद वाटतो. दुसऱ्या वर्षात पाहा.

घसरलात तर

बऱ्याच जणांची पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. म्हणून हा नियम आजच, डोकं ताळ्यावर असताना, लिहून बरणीच्या झाकणाला आतून चिकटवा: एक सिगारेट ओढली तर तिचे पैसे बरणीतून घ्यायचे नाहीत, खिशातून द्यायचे. त्या दिवशी बरणीत काही टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे टाकायचं. बस, एवढीच शिक्षा.

बरणी रिकामी करायची नाही. चाळीस दिवस ओढली नाही आणि एकेचाळिसाव्या दिवशी एक ओढली, तर चाळीस दिवसांचे पैसे तरीही खरेच असतात. माझ्या ओळखीत एकाने घसरल्याच्या रागात साठलेले सगळे पैसे एका रात्रीत उडवले. सकाळी त्याच्याकडे ना पैसे होते ना पुन्हा सुरुवात करायचं कारण. त्याला पुढचा प्रयत्न करायला जवळजवळ वर्ष लागलं.

रोजचं ओढणंच परत सुरू झालं तर मात्र बरणीला झाकण लावून ती वर ठेवून द्या, पैशांसकट. पुढच्या वेळी शून्यापासून सुरुवात होणार नाही.

खर्चाच्या दिवशी

ठरलेला दिवस आला की खर्च खरोखर करा. बरेच जण इथे येऊन कद्रू होतात; इतके साठलेत तर राहू दे की, अजून साठू दे. तसं केलं तर पुढच्या टप्प्यावर तुमच्याच मनाचा तुमच्या शब्दावर विश्वास राहत नाही. बरणी टेबलावर उपडी करा, नोटा सरळ करून मोजा, जे घ्यायचं ते त्याच दिवशी घ्या आणि पावती रिकाम्या बरणीच्या तळाशी ठेवा.

माझ्या वर्षाच्या बक्षिसासाठी मी प्रवासाला जायचं ठरवलं होतं, बरणीवर त्या गावाचं नावही चिकटवलं होतं. आयत्या वेळी बेत बदलला. आमच्या गादीला माझ्या बाजूला एक काळं, करंगळी जाईल एवढं भोक होतं. एका रात्री ओढता ओढता डोळा लागला होता, त्याची खूण. वर्षानुवर्षं चादर घालून ते झाकत आलो होतो. बरणीतल्या पैशांनी नवी गादी आणली. जुनी न्यायला आलेल्या माणसाने भोकात बोट घालून विचारलं, "हे काय झालं?" बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "त्याचेच पैसे भरले."

बरणी आता परत बुटांच्या कपाटावर आहे. तळाशी गादीची पावती, वर नाण्यांचा एक थर, आणि बाहेरून चिकटवलेलं त्या गावाचं नाव तसंच आहे.